तोंडातल्या तोंडात

सोमवार, ५ फेब्रुवारी

बायकोचं म्हणणं, मी हल्ली घरी बोलत नाही. पूर्वी ऑफिसातून आलो की चहा निवेपर्यंत माझी टकळी चालायची, आता नुसता बसून असतो. मी म्हटलं, बोलण्यासारखं काही घडतच नाही. तर म्हणाली, मग निदान लिहून ठेव, कुठेतरी निचरा झालेला बरा. म्हणून ही वही आणली.

आणि नेमकं आज लिहिण्यासारखं घडलं. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठला माल कुठल्या फळीवर, कुठल्या गाडीत, हे सगळं त्यात असतं. आता नवी टीम उभी राहते आहे आणि दोन इंजिनिअर घ्यायचे आहेत. मॅनेजरबाईंनी बोलावून सांगितलं की मुलाखतीची पहिली फेरी मी घ्यायची. "तुम्ही समजावून सांगता तसं दुसरं कुणी सांगत नाही, मास्तर," म्हणाल्या. ऑफिसात मला सगळे मास्तरच म्हणतात. फळ्यावर चित्र काढल्याशिवाय मला काही बोलता येत नाही, म्हणून. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. मुख्य आर्किटेक्टची, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्याची, जागा निघणार आहे आणि मी अर्ज करावा असं त्यांना वाटतं. हे घरी सांगितलं नाही. आधी होऊ दे.

मायक्रोवेव्ह बिघडला आहे. अन्न गरम होतं, पण झाल्यावर वाजत नाही. दूध दोनदा आतच विसरलो.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पहिली मुलाखत झाली. कॉरिडॉरच्या टोकाची काचेची खोली मिळाली आहे. वर एसीची घरघर, बाहेर कॉफीचं यंत्र, पण फळा मोठा आहे. माझ्याबरोबर लंबू बसतो. हा आमच्या टीममधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी बोलणारा इंजिनिअर. त्याने शिकावं म्हणून त्याला शेजारी बसवला आहे.

मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. भर दुपारी गोदामातला सगळा कारभार अडकतो. यंत्र बंद पडलेलं नाही, चूक दाखवत नाही, पण काही पुढेही सरकत नाही. तुम्ही आधी काय बघाल? या एका प्रश्नात माणूस कळतो.

आज आलेला मुलगा मला आवडला. छाती पुढे काढून बसला, खणखणीत बोलला. उत्तरं सगळीच बरोबर नव्हती, पण काय म्हणतो ते तरी समजत होतं. पास केला. बाहेर पडल्यावर लंबू म्हणाला की त्याला मुलगा जरा पोकळ वाटला. मी म्हटलं, आत्मविश्वास हाही गुणच आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणात गंमत झाली. मुलगी ताटात बघत बराच वेळ काहीतरी सांगत होती. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं अशीच, तोंडातल्या तोंडात बोलतात. शाळेचं काहीतरी असावं. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो हो, छान. कर की." दोघी एकदम गप्प झाल्या. मग मुलीने उठून मला मागून मिठी मारली. किती महिन्यांनी! बायको म्हणाली, "एवढ्या लवकर हो म्हणशील असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, मी काय राक्षस आहे का?

काय होतं ते नंतर विचारेन. आत्ता विचारलं असतं तर सगळ्यावर पाणी पडलं असतं.

रविवार, १८ फेब्रुवारी

आईचा फोन. दर रविवारी तिच्याशी बोललो की बरं वाटतं. तिचा टीव्ही एवढा मोठा असतो की शेजारी भिंत ठोकतात, कानाचं यंत्र कपाटात पडून आहे, पण बोलणं कसं स्पष्ट! एकेक शब्द सुटा. आजकाल असं बोलणारी माणसंच राहिली नाहीत. मी फोन ठेवला तर बायको आणि मुलगी आतल्या खोलीचं दार लावून बसलेल्या. म्हणे अभ्यास होत नव्हता.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज एक बाई आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. मुलाच्या आजारपणात काही वर्षं नोकरी सोडली होती, आता परत सुरुवात करायची आहे. अर्ज उत्तम होता, म्हणून मी अपेक्षेने बसलो. पण काय सांगू, आवाजच फुटत नव्हता. आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय.

मी माझा प्रश्न टाकला. त्यांनी सुरुवातच लॉगपासून केली. लॉग म्हणजे यंत्र स्वतः लिहितं ती रोजनिशी, काय घडलं त्याच्या नोंदी. ठीक आहे, लॉग बघावाच लागतो. पण पुढे म्हणायला लागल्या की एकाने लॉग धरून ठेवला की बाकीचे खोळंबतात, म्हणून लॉग कुणाकडे आहे ते शोधायचं आणि तो सोडायला लावायचा. मी म्हटलं, लॉग कोण कशाला धरून ठेवेल? त्या गोंधळल्या. पुन्हा तेच बोलल्या, आणखी हळू. मी समजावलं की लॉग ही वाचायची गोष्ट आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मुलाखत द्यायला आलो आहे. शेवटी "बरं," म्हणून खाली बसल्या.

वाईट वाटलं. पण नोंदीत लिहावं लागलं, "मूलभूत संकल्पना कच्च्या. बोलण्यात स्पष्टता नाही. नाकारावं." लंबू काही बोलणार होता, पण त्याला दुसरी मीटिंग होती.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

माझी मुलाखत झाली. आर्किटेक्टसाठी. आता घरी सांगितलं, बायकोने शर्टाला स्वतः इस्त्री केली.

तिघे वरिष्ठ दुसऱ्या शाखेतून पडद्यावर. तांत्रिक भाग लोण्यासारखा गेला. मग मधल्या गृहस्थांनी विचारलं, एखादी चूक लपून राहिली तर तुम्ही काय करता? माझा आवडता विषय! प्रोग्रॅममधल्या लपलेल्या चुका कशा हुडकायच्या यावर मी फळाभर चित्रं काढली. ते एकमेकांकडे बघत होते. मग त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मी तेच दुसऱ्या बाजूने समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. डावीकडच्या बाई तर माझ्याकडे फार मायेने बघत होत्या. एकंदरीत रंगली.

सोमवार, ४ मार्च

नाही मिळाली.

मॅनेजरबाईंनी दार लावून सांगितलं. समितीने लिहिलं आहे की ज्ञान उत्तम, पण समोरच्याचं ऐकून घेत नाहीत. विचारलं होतं की हाताखालच्या माणसाने चूक लपवली तर काय कराल. माणसाबद्दल विचारलं, यांनी उत्तर यंत्राबद्दल दिलं, तेही दोनदा.

मी ऐकून घेत नाही? मी, जो आयुष्यभर दुसऱ्यांचे कोड वाचत आलो? घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने "तू चुकीचं ऐकलं असशील" एवढंच म्हटलं. मी म्हटलं, तूसुद्धा? ती म्हणाली, "मी तसं म्हणत नाहीये." मग कसं, ते तिने सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, नळ चालू होता.

शनिवार, ९ मार्च

घरात वादळ. मुलीच्या टेबलावर कला महाविद्यालयाचं माहितीपत्रक दिसलं. विचारलं तर म्हणाली, विज्ञान सोडून चित्रकला घ्यायची ठरली ना. कुणाशी ठरली? "तुझ्याशी. तू हो म्हणालास." मी म्हटलं, मी असं कधीच म्हणणार नाही. ती रडायला लागली. बायको म्हणाली, "जेवताना तिने विचारलं, तू छान म्हणालास, ही तुला बिलगली. आठवत नाही?"

आठवतं. मिठी आठवते.

मी म्हटलं, नीट सांगायचं होतं. मुलगी म्हणाली, "नीटच सांगितलं होतं. तू ऐकतच नाहीस कुणाचं." ऑफिसातही तेच, घरीही तेच. मला वाटायला लागलं आहे की वय वाढलं तसा मी हटवादी झालो, आणि मला एकट्यालाच ते कळत नाही.

मंगळवार, १२ मार्च

मॅनेजरबाईंनी मला आणि लंबूला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझी नोंद, त्या हळू बोलणाऱ्या बाईंबद्दलची. दुसरी लंबूची, त्याच मुलाखतीची. लंबूने लिहिलं होतं, "आजवरचं सर्वोत्तम उत्तर. घ्यावंच."

मी लंबूकडे बघितलं. तो खुर्चीत असून नसल्यासारखा झाला होता. मग म्हणाला, "मास्तर, त्या लॉग म्हणत नव्हत्या. लॉक म्हणत होत्या."

लॉक. म्हणजे एकच किल्ली असलेली खोली. किल्ली ज्याच्या खिशात, तो बाहेर येईपर्यंत बाकीचे दाराशी ताटकळत. एकाने लॉक धरून ठेवला की बाकीचे खोळंबतात. कुणाकडे आहे ते शोधायचं, सोडायला लावायचं. माझ्या प्रश्नाचं हेच तर उत्तर होतं. मला हवं असलेलं, शब्दाला शब्द.

मी म्हटलं, पण त्या पुटपुटत होत्या. लंबू म्हणाला, "मला ऐकू येत होतं." "तू त्यांच्या शेजारी होतास." "तुम्ही माझ्यापेक्षा जवळ होतात, मास्तर."

मॅनेजरबाई बराच वेळ पेन फिरवत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट तोंड केलं आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "तुम्ही एकदा कान तपासून घ्या." आणि मला कळलं की त्या माझ्याशी गेले कित्येक महिने असंच, समोर तोंड करून, सावकाश बोलत आहेत. मी समजत होतो की त्यांचं बोलणं छान आहे.

मला राग आला. तडक बाहेर पडलो.

गुरुवार, १४ मार्च

बायको रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. कान तपासणारा विभाग तिच्या खालच्याच मजल्यावर. मी तिला घडलेलं सांगितलं, आणि म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. तिने सांगितलं की दोनदा माझ्या नावाने वेळ घेतली होती. दोन्ही वेळा मला सांगितलंही होतं, आणि दोन्ही वेळा मी "बघू" म्हणालो होतो.

तिला म्हटलं, तिसऱ्यांदा घे.

सोमवार, १८ मार्च

तपासणी झाली. टेलिफोनच्या बूथएवढी खोली, जाड दार, हातात एक बटण. हेडफोनमध्ये आवाज आला की दाबायचं, असे दोन भाग. आधी भोंग्यासारखे ढोबळ आवाज आले, मी पटापट दाबत गेलो. सोपं होतं. मग थांबलं. मी अंगठा बटणावर ठेवून बसलो. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई काहीतरी फिरवत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, लिहीत होत्या. मला वाटलं, यांचं यंत्र अडकलं वाटतं. माझ्या डोक्यात माझाच प्रश्न सुरू झाला, आधी काय बघावं?

त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं."

मी म्हटलं, "दुसरा भाग कधी सुरू होणार?"

"तो होऊन गेला," त्या म्हणाल्या.

कागदावर एक रेघ होती, सरळ जाता जाता टेकडीवरून घसरल्यासारखी खाली गेलेली. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. क, ट, स, फ अशी अक्षरं निसटतात, पुढचं मन भरून काढतं. बायकांचे, मुलांचे आवाज आधी जातात. हळूहळू झालेलं असतं म्हणून माणसाला वाटतं की जगच पुटपुटतंय. त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला आहे का? मी आईचं सांगितलं, आणि सांगता सांगता मला हसू आलं. बायकोला नाही आलं. तिने बाहेर येऊन माझा दंड धरला आणि पार्किंगपर्यंत सोडला नाही.

मंगळवार, २६ मार्च

कानात दोन यंत्रं आली. जग भयंकर कर्कश आहे. कागद चुरगळला की आग लागल्यासारखं वाटतं. मायक्रोवेव्ह ठणठणीत आहे. दुरुस्तीवाल्याला उगीच दोनदा बोलावला, त्याची माफी मागायला हवी.

स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज येत होता. बघितलं तर बायको गुणगुणत होती. मी म्हटलं, हे कधीपासून सुरू केलंस? ती म्हणाली, "पहिल्यापासून." मग पाठ करून एकच ताट किती वेळ पुसत राहिली. कोरडंच होतं ते.

गुरुवार, २८ मार्च

मुलीला म्हटलं, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. मी नुसता हो म्हणालो. तू मला पुन्हा विचार.

ती म्हणाली, "आणि आता नाही म्हणालास तर?"

"म्हणेन कदाचित. पण ऐकून म्हणेन."

 तिने उठून दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि माझ्यासमोर बसली. तिने जे सांगितलं ते सगळं इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच की तिला माणसांचे हात काढायचे आहेत. वहीत पानं भरून हात आहेत. माझेही आहेत, कीबोर्डवरचे. ते तिने कधी काढले मला माहीत नाही. मी सतरा शंका काढल्या, पोटापाण्याचं काय, पुढे काय. तिला सगळ्यांची उत्तरं येत नव्हती आणि तिने तसं सांगितलं. उमेदवाराने "माहीत नाही" म्हटलेलं मला नेहमीच आवडतं.

हो म्हणालो. या वेळी मिठी वगैरे नाही. "थँक्यू, बाबा," म्हणाली आणि पंखा लावला.

मंगळवार, २ एप्रिल

मॅनेजरबाईंना सांगितलं की मी नाकारलेल्या सगळ्यांचं पुन्हा बघा. त्यांनी यादी काढली. एकाने फोन उचलला नाही. एकाला खरंच काही येत नव्हतं, हे लंबूनेही मान्य केलं. उरल्या त्या बाई. त्यांना मीच फोन केला.

मी सगळं सरळ सांगितलं. लॉग आणि लॉक. पलीकडे शांतता. मला वाटलं यंत्र बंद पडलं, पण त्या नुसत्या गप्प होत्या. मग म्हणाल्या की दुसरीकडे नोकरी घेतली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. पूर्वी जे काम करायच्या त्याच्या बऱ्याच खालचं. तुमच्याकडून कळलं की पाया कच्चा आहे, म्हणून वरच्या जागेसाठी अर्जच केला नाही. रोज घरी आरशासमोर मोठ्याने बोलायचा सराव करते, म्हणाल्या. लहानपणापासून सगळे हेच सांगतात, हळू बोलतेस.

मी म्हटलं, एकदा परत याल का?

"खोलीत कोण असेल?"

"मीच. नको असेन तर दुसरं कुणी बसेल."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "नाही. तुम्हीच असा."

शुक्रवार, ५ एप्रिल

काचेची खोली घेतली नाही. एसी नसलेली, गालिचा असलेली छोटी खोली घेतली. बसल्याबरोबर म्हटलं, मला कमी ऐकू येतं, ही बघा यंत्रं, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारेन, तुमची चूक समजू नका. त्यांनी खांदे खाली सोडले. मग आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या, आणि फळ्याकडे वळायची वेळ आली की थांबून आधी माझ्याकडे तोंड करायच्या. तीन-चार वेळा मी पुन्हा विचारलं. एकदा त्यांनीच मला विचारलं, कारण माझाच प्रश्न धड नव्हता.

तोच जुना प्रश्न मी विचारला नाही, त्याचं उत्तर त्यांनी कधीच दिलं होतं. माझ्या डिझाइनमधली एक अडचण ठेवली, जी खरोखर सुटत नव्हती. त्यांनाही सुटली नाही. पण दोघांनी मिळून फळा दोनदा पुसला.

सोमवार, २९ एप्रिल

त्या आज रुजू झाल्या. पुढच्या फेऱ्या घेणाऱ्यांनीही होच म्हटलं, आणि दुसऱ्या कंपनीला त्यांनी आधीच नकार कळवला होता. खणखणीत मुलगाही टीममध्ये आहे. बरा आहे, मनाने चांगला आहे, दर तासाला लंबूला काहीतरी विचारतो. लंबूला आता बोलावं लागतं.

आर्किटेक्टच्या जागी दुसरंच कुणी आलं. पुन्हा अर्ज करायचा की नाही ते ठरवलेलं नाही. पहिल्या फेरीचं काम माझ्याकडेच ठेवलं आहे, फक्त दोघांच्या नोंदी जुळल्याशिवाय कुणाला नाकारायचं नाही. मीच सुचवलं.

दुपारी दुसऱ्या शाखेबरोबर पडद्यावर बैठक होती. तिकडचे मोठे साहेब खुर्चीत मागे रेलून बोलत होते. मला नुसती गुणगुण ऐकू येत होती. यंत्राचा आवाज वाढवला, तर मोठी गुणगुण. आजूबाजूला सगळे माना डोलवत होते. नव्या बाईंचा पहिलाच दिवस, त्यांच्यासमोर कसं बोलावं? पण मग हात वर केला. म्हटलं, "माफ करा, मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?"

खोलीत एकदम शांत झालं. वाटलं, उगीच बोललो.

नव्या बाई हळूच म्हणाल्या, "मलाही नाही आलं."

लंबू म्हणाला, "मलाही."

मॅनेजरबाईंनी एकदा दाराकडे बघितलं, मग टेबलाकडे. "खरं सांगायचं तर मलाही नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीही नव्हतं."

साहेबांनी माइक जवळ ओढला आणि पहिल्यापासून सांगितलं. आमचं काम महिनाभर आधी संपवायचं ठरलं होतं, आणि आम्ही आत्तापर्यंत त्याला माना डोलवत होतो.

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि मला पुन्हा काही कळेना. मी परत हात वर केला.